कमानींचा कारागीर : सर अ‍ॅलेक इसिगोनिस

मोटारगाडी पाहताना आपली दृष्टी प्रथम तिच्या रंगाकडे व तकाकीकडे आणि फार झाले तर तिच्या यंत्राच्या शक्तीकडे जाते. परंतु गाडीच्या पोटाखाली, चिखल आणि धूळ यांच्या सान्निध्यात, जे साधन मुकाट्याने आपले काम करीत असते त्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ते साधन म्हणजे गाडीच्या कमानी होत. चाक खड्ड्यात गेले असता आत बसलेल्या वृद्ध माणसास हिसका बसू नये, वळणावर गाडी कलंडू नये आणि वेगात असतानाही चाकाने रस्ता सोडू नये, ही तिन्ही कामे कमानींवर सोपविलेली असतात. गाडी जमिनीलगत असावी, तिने रस्ता घट्ट धरावा आणि तरीही तिच्यात बसणारास सुख व्हावे, या परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टींचा मेळ घालण्यात ज्याने आयुष्य वेचले, त्या सर अ‍ॅलेक इसिगोनिस या यंत्रशिल्पज्ञाचे चरित्र विद्यार्थ्यांस मनोरंजक आणि बोधप्रद वाटल्यावाचून राहणार नाही.

अ‍ॅलेकचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ रोजी स्मर्ना या बंदरात झाला. आज तुर्कस्तानात इझमीर या नावाने ओळखले जाणारे हे शहर त्या काळी ग्रीक, तुर्क, आर्मेनियन, यहुदी आणि युरोपियन व्यापारी यांनी गजबजलेले होते. त्याचे वडील जातीने ग्रीक होते. पण आजोबांनी इंग्रजांनी बांधलेल्या तेथील रेल्वेच्या कामी जी सेवा केली होती तिच्यामुळे त्या कुटुंबास ब्रिटिश नागरिकत्व मिळालेले होते. आई जर्मन वंशाची होती. वडिलांचा जहाजांच्या यंत्रांचा कारखाना होता. तेथील कारागिरांचे हातोडे, भट्ट्या आणि नकाशे काढण्याची मेजे यांच्या सहवासात हा मुलगा वाढला. पुस्तकांपेक्षा पेन्सिल आणि कागद त्यास अधिक प्रिय होते.

हे सुखाचे दिवस फार काळ टिकले नाहीत. ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात पेटलेल्या युद्धाच्या अखेरीस, सप्टेंबर १९२२ मध्ये, तुर्की सैन्याने स्मर्ना शहर काबीज केले आणि थोड्याच दिवसांत लागलेल्या प्रचंड आगीत शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. ब्रिटिश प्रजाजनांस आरमारी जहाजांतून माल्टा बेटावर हलविण्यात आले. त्यांत इसिगोनिस कुटुंबही होते. घर, कारखाना आणि संपत्ती यांपैकी काहीएक त्यांच्या हाती राहिले नाही. माल्टा बेटावर वडिलांची प्रकृती खालावली आणि तेथेच त्यांचे देहावसान झाले. सोळा वर्षांच्या आसपासचा मुलगा आणि त्याची विधवा माता अशी दोनच माणसे पुढे इंग्लंडच्या किनाऱ्यास लागली. ज्या देशाचे नागरिकत्व त्यांच्यापाशी होते तो देश त्यांस सर्वस्वी परकाच होता.

मातेची इच्छा मुलाने शिकावे अशी होती. त्याने लंडनमधील बॅटरसी पॉलिटेक्निक या संस्थेत यंत्रविद्येच्या अभ्यासक्रमास नाव घातले. रेखाटनात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. परंतु गणिताने त्याचा पिच्छा पुरविला. त्या विषयाच्या परीक्षेत तो एकदा नव्हे, तीन वेळा अनुत्तीर्ण झाला. अखेर पदविका मिळाली. तथापि विश्वविद्यालयाच्या पदवीचा मार्ग त्याने सोडून दिला. ज्या घरात गुणपत्रिका येताच आकाश कोसळल्यासारखे वाटते, त्या घरातील पालकांनी हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. मात्र यावरून गणिताची उपेक्षा करावी असा अर्थ कोणत्याही विद्यार्थ्याने काढू नये. पुढे अ‍ॅलेकच्या हातून जी कामे झाली, त्यांतील आकडेमोड आणि बारीक मापे सांभाळण्यास जॅक डॅनियल्स यांच्यासारखे सहकारी त्यास सतत लागले. जे आपल्यापाशी नाही ते दुसऱ्यापाशी शोधून घ्यावे लागते, आणि त्यासाठी दुसऱ्याचे साहाय्य मान्य करण्याइतकी नम्रता असावी लागते.

१९२८ साली लंडनमधील एका यंत्रशिल्पाच्या कचेरीत त्यास नोकरी लागली. हाती थोडा पैसा येताच, सुमारे १९३० साली, त्याने ऑस्टिन सेव्हन या गाडीचा अल्स्टर नावाचा शर्यतीचा नमुना विकत घेतला. ऑस्टिन सेव्हन ही १९२२ पासून निघालेली लहानशी व स्वस्त गाडी इंग्लंडातील मध्यमवर्गाच्या फार आवडीची होती. तिच्या पुढील बाजूस एकच आडवी कमान होती व मागील बाजूस दोन अपुऱ्या लांबीच्या कमानी होत्या. पुढील दोन्ही चाके एकाच ताठ आसास जोडलेली असत. त्यामुळे डावे चाक दगडावर चढले की उजवे चाकही तिरपे होई, आणि वेगात असताना सुकाणूचे चक्र चालकाच्या हातात थरथरू लागे.

हौशी तरुण अशी गाडी शर्यतीस नेण्यापूर्वी प्रथम तिची उंची कमी करीत. त्याचे कारण समजण्यास कठीण नाही. कडब्याने उंच भरलेली बैलगाडी उतारावर वळताना कशी कलते हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तीच गाडी रिकामी असता निर्धास्तपणे वळते. वजनाचा मध्य जितका जमिनीच्या जवळ, तितकी गाडी कलंडण्याची भीती कमी आणि वळणावर बाहेरच्या चाकांवर पडणारा अधिक भारही कमी. परंतु येथे एक अडचण उभी राहते. गाडी खाली आणली म्हणजे कमानीस वरखाली होण्यास जागा उरत नाही, आणि थोड्याशा खड्ड्यातही आस सांगाड्यावर जाऊन आदळतो. तो आदळू नये म्हणून कमानी ताठ कराव्यात, तर चाक खडबडीत रस्त्यावरून उड्या मारू लागते. उडालेल्या चाकाची रस्त्यावर पकड राहत नाही. मग खाली आणलेल्या गाडीचा लाभ तो काय?

सामान्य हौशी मनुष्य ताठ कमानींवर समाधान मानी. अ‍ॅलेकचे मन तेथे थांबले नाही. त्याने आपल्या ऑस्टिन गाडीच्या पुढील भागाची जुनी रचना काढून टाकून स्वतःच्या कल्पनेची नवी रचना बसविली, आणि त्या गाडीने शर्यतींत भाग घेतला. या खटाटोपात त्यास एक गोष्ट कळून चुकली. दोष केवळ कमानीत नव्हता. दोष सांगाड्यातही होता. सांगाडाच जर वेताच्या छडीसारखा वाकत असेल, तर कमानीचे काम कमान करीत नाही, सांगाडा करतो. आणि चाके आपापल्या जागी राहत नाहीत. यासाठी सांगाडा ताठ हवा, मग कमानी मऊ ठेवता येतात. हे सूत्र त्याने आयुष्यभर सोडले नाही.

ते सिद्ध करण्यासाठी जॉर्ज डाउसन या आपल्या मित्राच्या साहाय्याने त्याने एक सर्वस्वी नवी शर्यतीची गाडी बांधावयास घेतली. विजेवर चालणारे एकही हत्यार त्यांच्यापाशी नव्हते. कानस, करवत आणि हातोडी यांवरच सर्व भिस्त होती. दिवसा नोकरी करावी आणि उरलेल्या वेळी गाडीवर खपावे, अशी कित्येक वर्षे गेली. गाडीचे अंग त्यांनी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चिकटविलेल्या लाकडी फळ्यांचे केले. तेच तिचे शरीर आणि तोच तिचा सांगाडा. चारही चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे हलत, आणि पोलादी कमानींऐवजी तेथे रबर योजिले होते. मुले गलोलीस जे रबर लावतात त्याच जातीचे रबर या गाडीस उपयोगी पडले, हे ऐकून बालवाचकांस गंमत वाटेल. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ती पुरी झाली तेव्हा यंत्रासह तिचे वजन अवघे ५८७ पौंड, म्हणजे सुमारे २६६ किलोग्रॅम भरले. लाइटवेट स्पेशल या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या गाडीने आपल्याहून मोठ्या यंत्राच्या गाड्यांसही शर्यतींत मागे टाकले.

दरम्यान त्याची नोकरीतही प्रगती होत होती. १९३४ च्या सुमारास तो कॉव्हेंट्री येथील हंबर कंपनीत गेला व तेथे पुढील चाकांच्या स्वतंत्र कमानींचा त्याने अभ्यास केला. १९३६ साली ऑक्सफर्डजवळील मॉरिस कंपनीने त्यास बोलावून घेतले. तेथे डॅनियल्स यांच्यासह त्याने स्वतंत्र कमानींची जी रचना आखली ती खर्चामुळे काही काळ बाजूस पडली. पण १९४७ पासून एम. जी. जातीच्या गाड्यांवर ती आली आणि पुढे अनेक वर्षे टिकली. चांगले काम लागलीच फळास आले नाही म्हणून ते वाया गेले असे होत नाही, हेच यावरून दिसते.

महायुद्ध चालू असतानाच मॉरिस कंपनीने युद्धानंतरच्या लहान गाडीचा विचार सुरू केला आणि ते काम इसिगोनिसकडे आले. हीच पुढे मॉरिस मायनर म्हणून जगास परिचित झाली. तीत त्याने पोलादी दांड्यांच्या कमानी योजिल्या. ओले धोतर पिळताना ते जसे उलट फिरू पाहते, तशी ही दांडी चाक वर उचलले जाताच पिळली जाते आणि चाकास पुन्हा खाली लोटते. तिला जागा थोडी लागते. चाके त्या काळच्या मानाने लहान, म्हणजे १४ इंचांची केली. त्यामुळे गाडी आपोआपच जमिनीजवळ आली. गाडी जवळजवळ तयार झाली असता ती त्याच्या डोळ्यांस अरुंद वाटू लागली. त्याने तयार नमुना लांबीत मधोमध कापविला, दोन्ही अर्धे भाग एकमेकांपासून दूर सरकवून पाहिले आणि ४ इंचांचे अंतर पडताच त्याचे समाधान झाले. गाड्यांच्या पुढच्या अडसरपट्ट्या अगोदरच तयार झाल्या होत्या. म्हणून त्या मधोमध कापून ४ इंचांचा तुकडा जोडण्याची पाळी आली!

कंपनीचे धनी लॉर्ड नफिल्ड यांस ती गाडी मुळीच आवडली नाही. त्यांनी तिला पाण्यात शिजविलेल्या अंड्याची उपमा दिली. परंतु ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली आणि लोकांनी तिला उचलून धरले. १९६० च्या अखेरीस तिची संख्या दहा लाखांवर गेली. इंग्लंडातील कोणत्याही एका नमुन्याच्या गाडीस हा मान तोवर मिळाला नव्हता. आपल्या देशाशीही तिचा संबंध आला. हिंदुस्थान मोटर्स या कंपनीने मायनर गाडी बेबी हिंदुस्थान या नावाने, आणि तिच्याबरोबरच १९४८ साली निघालेली मॉरिस ऑक्सफर्ड ही गाडी हिंदुस्थान १४ या नावाने आपल्याकडे काढली. ऑक्सफर्डच्याच पुढील आवृत्तीवरून अँबॅसडर गाडी निघाली. तिच्याही पुढच्या चाकांस पिळाच्या दांड्यांच्या कमानी दीर्घकाळ होत्या. आपल्या आजोबांच्या पिढीने खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवरून ज्या गाडीत प्रवास केला, तिच्या पोटाखाली त्याच विचाराचा वारसा होता.

१९५२ साली मॉरिस आणि ऑस्टिन या कंपन्या एक होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन स्थापन झाली, तेव्हा इसिगोनिस तेथून निघून अ‍ॅल्व्हिस कंपनीत गेला. तेथे आखलेली मोठी गाडी खर्चाच्या भयाने कंपनीने सोडून दिली. पण त्याच काळात रबराच्या कमानींचा अभ्यासक अ‍ॅलेक्स मोल्टन याचा स्नेह त्यास लाभला. १९५५ च्या अखेरीस तो पूर्वीच्या कंपनीत परत आला. पुढच्याच वर्षी सुएझ कालव्याचा संघर्ष उद्भवला, इंग्लंडात पेट्रोलचे नियंत्रण सुरू झाले आणि थोड्या पेट्रोलवर चालणाऱ्या लहान गाड्यांची मागणी वाढली. कंपनीचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांनी त्यास सर्व काम बाजूस ठेवून अशी गाडी तयार करण्यास सांगितले. अट एवढीच की, यंत्र कंपनीच्या संग्रही असलेलेच वापरावे.

२६ ऑगस्ट १९५९ रोजी जी गाडी प्रकट झाली तीच मिनी. तिची एकंदर लांबी केवळ १० फूट. तरी तीत चार प्रौढ माणसे बसत. यंत्र आडवे ठेवून आणि त्याच्या पोटातच वेगबदलाची चक्रे बसवून त्याने गाडीची सुमारे चार पंचमांश लांबी उतारू व सामान यांस मोकळी करून दिली. चाके अवघ्या १० इंचांची, आणि ती गाडीच्या चार कोपऱ्यांत. एवढ्या लहान चाकांजवळ साधी कमान मावणार कोठे ? शिवाय दुसराही प्रश्न होता. सुमारे ६०० किलोग्रॅमच्या गाडीत चार माणसे सामानासह बसली की भार जवळजवळ निम्म्याने वाढतो. रिकाम्या गाडीस योग्य अशी मऊ कमान भरलेल्या गाडीस टेकू देऊ शकत नाही. मोल्टनने शंकूच्या आकाराचा रबरी गोळा योजून दोन्ही प्रश्न सोडविले. तो जागा थोडी व्यापी, आणि जसजसा दाबला जाई तसतसा अधिक ताठ होई. म्हणजे एकटा चालक असता कमान त्यामानाने मऊ, आणि कुटुंब बसले की ती आपोआप ताठ. गलोलीच्या रबराने सुरू झालेला शोध असा वीस वर्षांनी सामान्य माणसाच्या दारात येऊन उभा राहिला.

जमिनीलगतची ही गाडी वळणावर रस्ता इतकी घट्ट धरी की, शर्यतीच्या गाड्या बांधणारा जॉन कूपर याने तिच्यात अधिक शक्तीचे यंत्र घालण्याचा आग्रह धरला. ही सामान्य जनांची गाडी आहे असे म्हणून इसिगोनिस प्रथम राजी नव्हता. अखेर १९६१ मध्ये मिनी कूपर निघाली आणि १९६४, १९६५ व १९६७ या तीन वर्षी तिने माँटे कार्लोची बिकट स्पर्धा जिंकली. १९६७ साली तो रॉयल सोसायटीचा सभासद निवडला गेला आणि १९६९ साली राजसत्तेने त्यास सर ही पदवी दिली.

गुणांबरोबर दोषही सांगणे हे चरित्रकाराचे कर्तव्य आहे. यशाबरोबर त्याचा हट्ट वाढत गेला. लोकांस काय हवे हे विचारण्याची त्यास गरज वाटत नसे. सुखाच्या गाद्या आणि गाडीतील रेडिओ यांचा त्यास तिटकारा होता. पहिल्या मिनी गाड्यांत पावसाचे पाणी शिरून पायांखाली तळे साचे. शिवाय ५०० पौंडांच्या आत विकल्या जाणाऱ्या त्या गाडीने कीर्ती जितकी मिळविली तितका नफा कंपनीस मिळवून दिला नाही. १९६८ नंतर कंपनीची सूत्रे दुसऱ्यांच्या हाती गेली, तो मागे पडला आणि १९७१ साली निवृत्त झाला. त्याने विवाह केला नाही. परमुलखात ज्या मातेचा हात धरून तो आला होता, तिचा १९७२ मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत त्याने आपल्या घरी सांभाळ केला. २ ऑक्टोबर १९८८ रोजी बर्मिंगहॅम येथे त्याचे निधन झाले. मिनी गाडी मात्र २००० सालापर्यंत तयार होत राहिली, आणि तिची संख्या ५० लाखांवर गेली.

जुन्या मिनी गाड्या आजही हौशी लोक प्रेमाने वापरतात. वर्षे लोटली की रबराचे शंकू दबून गाडी आपोआप खाली बसते आणि हिसके देऊ लागते. जाणता कारागीर तेव्हा नवे शंकू घालतो, हवी तेवढी उंची ठेवता यावी म्हणून आटे पाडलेली दांडी बसवितो, धक्के शमविणारी नळकांडी त्या उंचीस जुळतील अशी निवडतो, आणि चाक वळविले असता ते पत्र्यास घासत नाही ना, हे पाहतो. याउलट काही तरुण आपली गाडी केवळ ऐटबाज दिसावी म्हणून तिच्या कमानी कापून तिला खाली आणतात. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. परंतु पावसाळ्यातील पहिल्याच खड्ड्यात दोहोंतील भेद उघड होतो, आणि त्याची किंमत कधी कधी आत बसलेल्या निरपराध माणसांस द्यावी लागते.

इसिगोनिसच्या चरित्राचा बोध याच भेदात आहे. एक भाग बदलला की इतर सर्व भागांवर त्याचा परिणाम होतो, हे त्याने कोणत्याही ग्रंथातून घेतले नाही; स्वतःच्या जुन्या गाडीखाली पाठीवर निजून, हात काळे करून, वर्षानुवर्षांच्या श्रमांनी ते तो शिकला. स्वदेश गेला, पिता गेला, परीक्षेने तीनदा मागे लोटले. तरी हातातील पेन्सिल आणि कानस त्याने खाली ठेवली नाही. रस्ता खडबडीत असणारच. तो गुळगुळीत व्हावा म्हणून वाट पाहत न बसता, सांगाडा ताठ आणि कमान मऊ ठेवून जो पुढे जातो, तो स्वतः मुक्कामास पोहोचतो आणि बरोबरच्या माणसांसही सुखरूप पोहोचवितो.